ओझं उतरून घेणारे

आसनवाडीत मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी गडावर ओझं जायचं. ओझं म्हणजे पायलीभर नवे तांदूळ, जाड्याभरड्या फडक्यात बांधलेले. एखाद्या बाईनं काखोटीला मारून सहज न्यावं एवढंसंच गाठोडं. पण त्याच्या मागून सारा गाव चालायचा. ज्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवून ते दिलं जाई, त्यानं पायथ्यापासून गडाच्या पहिल्या दरवाजापर्यंत ते खाली ठेवायचं नाही आणि वर पोचल्यावरही आपल्या हातानं उतरवायचं नाही, अशी रीत. दरवाजाशी वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातली धोंडाबाई घोंगडी अंथरून बसलेली असे. ती उठे, दोन्ही हातांनी ओझं उतरून घेई, घोंगडीवर ठेवी आणि आणणाऱ्यापुढं तांब्याभर दूध धरी.

गेनबा पाटील तरुण असताना एकदा वाटेत त्यांच्या कानात मुंगी शिरली. त्यांनी ओझं टाकलं आणि कान झटकला. म्हाताऱ्यांनी सगळ्यांना पायथ्याशी परत नेलं आणि त्या वर्षी गड दोनदा चढला गेला. गेनबा पुढं पाटील झाले, मिशा पिकल्या, तरी बायका विहिरीवर त्यांना बघून आपल्या कानाला हात लावीत.

तोच तांब्या मग सावळारामाकडं येई. त्याचं दूध पिऊन झालं, की तो कागद वाचायचा.

सावळाराम आसनवाडीतला एकटाच मोडी वाचणारा. गुंजवणे गावाच्या वर अर्ध्या कोसावरचं हे तीस उंबऱ्यांचं गाव. तिथं कुणाला अक्षराची गरज पडत नसे. पण सावळाराम सतराव्या वर्षी भोरला एका वकिलाकडं घरकामाला राहिला, आणि त्या वकिलाच्या म्हाताऱ्या कारकुनाला रोज पान कुटून देता देता मोडी शिकून आला. त्याआधी कागद वाचायला पलीकडच्या गावच्या कुलकर्ण्यांना बोलवावं लागे. सावळारामानं पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याच्या आईनं गावाला गूळ वाटला होता.

कागद वेळूच्या नळीत असायचा आणि नळी भैरोबाच्या देवळात. जुन्या कुठल्या तरी अमदानीत गावाला लिहून दिलेला कौल होता तो. सावळाराम खाकरून, उजवा पाय किंचित पुढं टाकून वाची:

“मौजे आसनवाडीस कौल दिल्हा ऐसा जे. गडाचे ओझे पहिले दरवाजापावेतो न्यावे. त्याउपरी वेठ नाही. पावसाळियात ओझे नाही. जे ओझे वाहतील व जे उतरून घेतील त्यांची गुरे डोंगरात मोकळी चरतील. पुढे जो कोणी अधिकारी होईल त्याने येणेप्रमाणे चालवावे.”

मग तो साध्या बोलीत समजावून सांगे. सरकारनं आपल्याकडून एवढंच घ्यायचं, याच्या पलीकडं हात घालायचा नाही. आसपासच्या गावांतली माणसं साहेबांची बाडबिस्तरं वाहत फिरत. आसनवाडीच्या माणसाला कुणी धरून नेत नसे, ते या कागदामुळं. “आन उतरून घेनारं म्हंजी गडावरचं शिलेदार,” सावळाराम सांगे. “ते आता ऱ्हायलं न्हाईत.” हे सांगताना त्याच्या ओठावर धोंडाबाईच्या दुधाची साय लागलेली असे. सात वर्षं तो हेच सांगत आला आणि सात वर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एकोणीसशे सव्वीस साली रानाचे शिपाई धनगरवाड्यावर गेले आणि साठ मेंढरं हाकून कोंडवाड्यात घालून आले. डोंगरात चारायची तर गावाच्या कौलात नाव दाखवा, म्हणाले. धोंडाबाई दुसऱ्याच दिवशी सावळारामाच्या अंगणात येऊन बसली. पन्नाशीची, हाडापेरानं मोठी, गळ्यात पोवळ्यांची माळ.

“लेकरा, तू कागुद वाचतूस. आमचं नाव हाय का त्यात?”

“नाव न्हाई, मावशे. कुनाचंच नाव न्हाई. गाव हाय.”

“नाव कशाला पायजे? वझं तर आमीच उतरून घेतो. माझ्या सासूनं घेतलं, तिच्या सासूनं घेतलं.”

सावळाराम हसला. मायेनंच हसला. “ती रीत झाली, मावशे. कचेरीत रीत चालत न्हाई, कागुद चालतो. तू काळजी करू नगंस. म्या बोलतो सायबाशी.”

शिकलेल्या माणसानं सांगितलं म्हणजे तसं असेल, असं धोंडाबाईनं मनाशी ठरवलं असावं. ती उठून गेली.

सावळारामाची बायको अंबूबाई चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “कागदात त्येंचं असंल तर हाय म्हनून सांगा. नसंल तर त्येंच्यासाटी सरकारकडं येगळा कागुद मागा. आपला कशाला वढताय?”

“येगळा कागुद! भोरला किती खेपा पडत्याल, हाय का ठाव? वरीस जाईल. तवर मेंढरं काय कोंडवाड्यात पाला खात्याल?”

“मंग वरीस जाऊ दे.”

“तुला कायद्यातलं कळतंय व्हय?”

“न्हाई बा,” अंबूबाई म्हणाली, “भाकरीतलं कळतंय. वढली की फाटती.” आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

कचेरीत त्या वेळचे मामलेदार सज्जन होते. तरुण, नवं वाचन असलेले. कौल बघून ते हरखले. त्यांनी सावळारामाला बसायला पाट दिला, स्वतः कागदाला अत्तराच्या फायासारखं जपून हात लावला आणि विचारलं, “यात धनगर कुठं आले?”

सावळाराम घरून ठरवून आला होता. तो म्हणाला, “जुन्या काळी नसतील आले, रावसाहेब. उतरून घेणारे म्हणजे गडावरचे शिलेदार. ते आता राहिले नाहीत. पण काळ बदलला. गाव म्हणजे नुसती खालची घरं नव्हेत, वरची वस्तीही आली. शब्दांचा अर्थ आजच्या काळाप्रमाणं घ्यावा.”

मामलेदारांचा चेहरा उजळला. “वा! खेड्यातला माणूस आणि काय बोललात! कागद म्हणजे काही दगड नव्हे.” त्यांनी कारकुनाला शब्दन् शब्द उतरवून घ्यायला लावला, सावळारामाची सही घेतली आणि धनगरांची मेंढरं सोडायचा हुकूम दिला. सावळारामानं सही झोकात केली, शेवटच्या अक्षराची शेपटी वळवून पार कागदाच्या कडेपर्यंत नेली.

मेंढरं परत आली त्या दिवशी धनगरवाड्यानं सावळारामाला एक नवी काळी घोंगडी दिली. धोंडाबाईनं ती स्वतः त्याच्या खांद्यावर घातली. गावात तो आता नुसता वाचणारा राहिला नाही. माणसं त्याला सल्ला विचारायला येऊ लागली आणि तोही दर मार्गशीर्षात, कौल वाचून झाला की पुढं आपलं ते वाक्य जोडू लागला: शब्दांचा अर्थ आजच्या काळाप्रमाणं घ्यावा. गेनबा पाटील मान डोलवीत. अंबूबाई मात्र त्या वाक्याला नेमकी पोरांची नाकं पुसायला वाकलेली असे.

अशी बारा वर्षं गेली.

अडतीस साली आषाढात, लावणीच्या ऐन हंगामात, कचेरीतून हुकूम आला. रानाची मोजणी करणारे लोक खिंडीपलीकडं जाणार, त्यांचे तंबू, पेट्या, शिधा पोचवायला आसनवाडीनं वीस माणसं द्यावीत. महिनाभर. गावात धडधाकट पुरुष होते सव्वीस. खाचरांत चिखल करून ठेवलेला, तरव्यातली रोपं उपटून लावायला तयार झालेली.

गेनबा हसले. “ह्येंला ठाव न्हाई दिसतं. सावळाराम, जा बाबा, कागुद दाखवून ये.”

सावळारामानं नळी घेतली, डोक्यावर इरलं घेतलं, बारा मैल चिखल तुडवत कचेरी गाठली. मामलेदार आता दुसरे होते. वयस्क, चष्मेवाले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी कौल नीट वाचला. मग कारकुनाला जुनं एक बाड काढायला सांगितलं आणि तेही तितकंच नीट वाचलं.

“सावळाराम ते तुम्हीच का?”

“जी, रावसाहेब.”

“हा जबाब तुमचाच?”

“जी.” सावळारामाला अजून बरंच वाटत होतं. आपली शेपटीवाली सही त्यानं लांबूनच ओळखली.

“तर बघा. ओझं गडाचं, असं कौलात आहे. पूर्वी सरकार गडावर राहत असे, म्हणून गडाचं ओझं. आज सरकार कचेरीत आहे. शब्दांचा अर्थ आजच्या काळाप्रमाणं घ्यावा, असं तुम्हीच सांगितलंत आणि आमच्या आधीच्या साहेबांनी ते मान्य केलं. म्हणजे गडाचं ओझं ते आज सरकारचं ओझं.”

“पण रावसाहेब, पयल्या दरवाजापावेतो हाय. त्याउपरी न्हाई.”

“आज दरवाजा कुठला धरायचा? काम संपेल तो दरवाजा.”

“आन पावसाळ्यात न्हाई. साफ लिवलंय.”

“गडाची वाट पावसात निसरडी होते, म्हणून तसं लिहिलं. खिंडीतून आता बांधीव वाट आहे. कारण राहिलं नाही, मग अट कशी राहील?”

“निसरड्याचं न्हाई ते, साहेब! लावनीचं हाय. वाट तर अश्विनातबी निसरडी असती. लावनीत मानूस न्येऊ नये म्हनून हाय ते. आमच्यात समद्यांला ठाव हाय.”

“कागदात तसं आहे का?”

कागदात कारण नव्हतं, नुसती मनाई होती. ज्यांनी लिहिली त्यांना कारण लिहायची गरज वाटली नसावी. आषाढात माणसाचे हात कुठं असतात हे त्या काळी गडावरच्या किल्लेदारालाही ठाऊक असेल.

मामलेदारांनी बाडाचं पान उलटलं. “आणि ती धनगरांची सवलतही चालू ठेवता येत नाही. त्या काळी मेंढरं थोडी, रान दाट. आज रान जपायचं आहे. आजच्या काळाप्रमाणं म्हटलं की ते आलंच. कौलात मुळात त्यांना जागा असती तर गोष्ट वेगळी. ओझं उतरून घेणारे म्हणजे नक्की कोण, हे दाखवता आलं, तर सांगा. मी ऐकतो.”

आणि तेव्हा, त्या ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या सावळारामाच्या डोळ्यांपुढं घोंगडी आली. पहिल्या दरवाजाशी अंथरलेली. तिच्यावरून पुढं आलेले दोन हात. दर वर्षी कागद वाचायला तो त्या घोंगडीच्या काठाशी उभा राहत होता. वाहणारे आणि उतरून घेणारे: सगळा गाव कौलातली एकेक ओळ पायांनी चढत होता, हातांनी करून दाखवत होता आणि जो एकटा वाचू शकत होता, त्यालाच ते दिसलं नव्हतं.

“धनगर,” तो म्हणाला. “धनगर उतरून घेत्यात, साहेब. पिढ्या झाल्या. चला, दावतो. मार्गशीर्षात या, डोळ्यांनी बघा.”

मामलेदारांनी बाड त्याच्याकडं वळवलं आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. उतरून घेणारे म्हणजे गडावरचे शिलेदार. ते आता राहिले नाहीत.

“हे कुणी सांगितलं?”

“म्या.”

“तेव्हा खोटं सांगितलंत, की आता?”

सावळारामानं कौल नळीत घातला आणि इरलं उचललं. साहेब वाईट माणूस नव्हता, हे त्याला परत येताना सारखं जाणवत राहिलं. साहेबानं आपल्या पदरचं काही घातलं नव्हतं. सगळं सामान सावळारामानंच बारा वर्षांपूर्वी नेऊन दिलं होतं. मेंढरं सोडवायला त्यानं कुंपण मोडलं होतं, आणि ती मेंढरं तर आधीपासूनच कुंपणाच्या आत होती.

वीस माणसं गेली. बायका, म्हातारे आणि उरलेले सहाजण मिळून जमेल तेवढी लावणी झाली. अर्ध्याहून जास्त तरवे तसेच राहिले. रोपं आधी उंच झाली, मग त्यांच्या कांड्या धरल्या, मग पिवळी पडली. त्या साली गावानं भात विकत आणून खाल्लं. पुढच्या सालीही माणसं गेली, त्याच्या पुढच्याही. धनगरवाड्यानं दिवाळीनंतर बिऱ्हाडं हलवली आणि कळप घेऊन खाली नीरेकाठी उतरला. जाताना धोंडाबाई सावळारामाच्या दारावरून गेली. घोड्यावर संसार, पाठीला कोकरू.

“मावशे,” तो अंगणात येऊन म्हणाला, “तू मला सांगितलं हुतंस.”

“व्हय, सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “तू चांगल्यासाटीच केलंस, लेकरा.” त्यापेक्षा तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, तर तो रात्री झोपला असता.

गावानंही त्याला बोल लावला नाही. गेनबा एवढंच म्हणाले, “माज्या कानात मुंगी गेली तवा आपन परत खाली जाऊन चढलो. ह्याला तसं न्हाई रं करता येत.” अंबूबाईनं ‘म्या म्हनलं हुतं’ हे कधीच काढलं नाही. सावळाराम वाट बघायचा, की आज म्हणेल, उद्या म्हणेल. ती भाकरी वाढायची आणि म्हणायची, “कुळथाचं कढान घ्या.”

मार्गशीर्षात ओझं जायचं थांबलं. वर उतरून घ्यायला कुणी नाही आणि खाली तर रोजच ओझं आहे, मग कशाला चढायचं, असं पोरं म्हणू लागली. नळी देवळात पडून राहिली. तिच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं.

अठ्ठेचाळीस सालच्या मार्चात भोर संस्थान विलीन झालं. वेठ तर त्याआधीच बंद पडत आली होती. आता तिचं नावच गेलं. आसनवाडीत साखर वाटली. सावळाराम तेव्हा साठीचा होता. त्यानं साखर तळहातावर घेतली आणि किती तरी वेळ तशीच धरून बसला.

गावात आता शाळा झाली होती आणि रखमाजी मास्तर नावाचे गृहस्थ चावडीवर वर्तमानपत्र वाचून दाखवीत. एका सकाळी ते म्हणाले, “दिल्लीला साऱ्या देशाचा कौल लिहिताहेत, सावळारामबाबा. सरकारनं काय करावं, त्याहून मोठं म्हणजे काय करू नये, ते सगळं त्यात येणार.”

“कोन लिवतंय?”

“निवडलेली माणसं. शेकड्यांनी बसून एकेका शब्दावर वाद घालतात.”

सावळाराम पुढं सरकला. “मास्तर, शब्द तर लिवत्याल. पर तो शब्द घालताना त्येंच्या मनात काय हुतं, त्ये कोन लिवून ठेवतंय का?”

“ठेवतात की! तिथं कोण काय बोललं, ते सगळं टिपून छापतात.”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मग तो मावळलाही. “छापत्याल,” तो म्हणाला. “पर पुढं कुनी इचारंल का? मला तर अंगनात येऊन सांगितलं हुतं.”

मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. गेनबा हयात असते तर त्यांनी समजावलं असतं.

त्या वर्षी कार्तिकात सावळारामानं नीरेकडं जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्याजवळ निरोप धाडला. धोंडाबाई असेल तर तिला, नसेल तर तिच्या मागं जी कुणी सून असेल तिला सांग. मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी पहिल्या दरवाजाशी ये. ओझं येतंय. गाडीवाला आठ दिवसांनी परतला. म्हातारी कधीच वारली, सून भेटली, निरोप ऐकून ‘बघू’ म्हणाली, असं त्यानं सांगितलं.

“बघू म्हनली?” सावळारामानं तीनदा विचारलं.

मंगळवारी त्यानं पायलीभर नवे तांदूळ फडक्यात बांधले. काळी घोंगडी खांद्यावर टाकली. नळीच्या तोंडावरची माती खरवडून ती कमरेला खोचली. अंबूबाईनं त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर ओझं दिलं. “पोरास्नी घेऊन जा संगं,” ती म्हणाली.

“पोरांनी न्हाई मोडलेलं,” तो म्हणाला.

वाट बुजत आली होती. करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी आत आलेल्या. दोन ठिकाणी त्याला दगडाला टेकून उभ्याउभ्याच दम खावा लागला. पण ओझं डोक्यावरून हललं नाही. उन्हं वर आली तेव्हा तो पहिल्या दरवाजाशी पोचला.

तिथं कुणी नव्हतं. ज्या दगडापुढं घोंगडी अंथरली जायची, त्याच्याभोवती गवत माजलं होतं. सावळारामानं खांद्यावरची घोंगडी एका हातानं ओढून काढली, पायानंच नीट पसरली आणि तिच्या काठाशी उभा राहिला. पठाराकडच्या वाटेवर नजर ठेवून. एकदा घंटेचा आवाज आल्यासारखं वाटलं. कुणाची तरी चुकार म्हैस होती.

दुपार झाली. मान अवघडली. ओझं खाली ठेवायला काही अडचण नव्हती. बघायला कुणी नव्हतं आणि हुकूमही कुणाचा नव्हता. त्यानं हात वर नेले, ओझ्याला लावले आणि पुन्हा खाली घेतले. मग त्यानं कौल म्हणायला सुरुवात केली. कागद काढायची गरज नव्हती. मौजे आसनवाडीस कौल दिल्हा ऐसा जे. शेवटच्या ओळीपर्यंत म्हटला आणि तिथंच थांबला. पुढं जोडायचं वाक्य त्यानं दहा वर्षं उच्चारलं नव्हतं.

उन्हं कलली तसा तो खाली निघाला. घोंगडी तिथंच राहू दिली.

अंबूबाई अंगणात उभीच होती. नवऱ्याच्या डोक्यावर ओझं तसंच आहे, हे तिनं वळणावरूनच बघितलं असावं. ती पुढं झाली, टाचा उंचावून दोन्ही हातांनी ओझं उतरून घेतलं आणि पोटाशी धरलं.

“आलं न्हाई कुनी?”

“न्हाई.”

“त्येंनी तरी का यावं?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिनं विचारलं, “दूध न्हाई घरात. च्या ठिवू का?”

सावळाराम ओट्यावर बसला होता, डोक्यावरची चुंबळ काढायचंही विसरून. “ठिव,” तो म्हणाला.